मावशीच्या टॅरो कार्डांचा कुबट वास

ताई, नमस्कार.

माझी मावशी मुंबईत नोकरीला होती. १९८०च्या सुमारास ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं परदेशातून येताना तिच्यासाठी भविष्य पाहायला वापरतात त्या टॅरो कार्डांचा संच आणला होता. रायडर-वेट म्हणतात तो. निवृत्तीनंतर मावशी वेंगुर्ल्याच्या घरी जाऊन राहिली. ती गेल्यावर घर तीन पावसाळे बंदच होतं. गेल्या महिन्यात ट्रंक उघडली तेव्हा जुन्या शालीच्या तुकड्यात गुंडाळलेला हा संच सापडला. सोबतच्या छोट्या पुस्तिकेत मावशीच्या हातची टिपणं आहेत, काही पेन्सिलीनं, काही शाईनं. मी सगळं डोंबिवलीला घेऊन आले. पण खोकं उघडलं की इतका कुबट वास येतो की शिंका सुरू होतात. काही कार्डांच्या कडांवर पांढरट पूड दिसते आणि तीन कार्डं एकमेकांना चिकटली आहेत.

टॅरो शिकलेली माझी मैत्रीण म्हणते, कार्डं आठवडाभर मिठात पुरून ठेव, धूप दाखव, पौर्णिमेला गच्चीवर चांदण्यात ठेव. मुलगा म्हणतो, हाच संच नवा मिळतो, हा टाकून दे. मला तो टाकवत नाही. त्याच ट्रंकेत सावंतवाडीच्या गंजिफांची, म्हणजे खेळायच्या जुन्या गोल पत्त्यांची, लाकडी डबीही होती, तिलाही तसाच वास आहे. दोन्हींना एकच उपाय चालेल का?

एक वाचक, डोंबिवली

प्रिय मैत्रिणी,

टाकू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा संच वाचण्यासारखा आहे, आणि वास पूर्ण गेला नाही तरी हातात धरून बसता येईल इतका नक्की कमी होईल. फक्त त्याला वेळ लागेल, आणि पहिल्या आठवड्यात घाईनं काही करायचं नाही, एवढं मनाशी ठरवा.

आजच्या आज एक काम करा. संच, पुस्तिका, खोकं, शालीचा तुकडा आणि गंजिफांची डबी हे सगळं कपड्यांच्या कपाटातून किंवा पुस्तकांच्या शेजारून बाहेर काढा. कार्डांवरची पूड म्हणजे बहुधा बुरशी आहे आणि तिचे बीजाणू शेजारच्या कागदावर, कापडावर जाऊन बसतात. पुढचं सगळं काम एन-९५ मास्क आणि पातळ हातमोजे घालून करायचं. शिंका येतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे जरा जोर देऊन सांगते: बुरशी सुकून मेली तरी तिची पूड नाकात गेल्यावर त्रास होतोच. घरात कुणाला दमा असेल, किंवा कुणाची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झाली असेल, तर त्या व्यक्तीनं यात हात घालू नये. बिछान्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर कार्डं पसरू नयेत.

आता हा वास येतो कुठून ते पाहू, कारण ते कळलं की मैत्रिणीच्या कुठल्या सूचना ऐकायच्या आणि कुठल्या नाही हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

वेंगुर्ल्यासारख्या किनाऱ्यावरच्या गावात पावसाळ्याचे चार महिने हवेतली आर्द्रता सतत चढलेली असते. बंद घर, त्यात बंद ट्रंक, त्यात लोकर. कागदाभोवतीची आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर गेली आणि तशीच राहिली की एरवी निपचित पडलेले बुरशीचे बीजाणू उगवतात. कार्ड म्हणजे एकसंध पुठ्ठा नसतो. कागदाचे थर खळीनं चिकटवून, दाबून, वर छपाई आणि गुळगुळीत लेप देऊन ते तयार होतं. बुरशीला त्यात कागद, खळ, हाताचा घाम आणि तेल असं खायला भरपूर मिळतं. खाता खाता ती काही वायुरूप द्रव्यं हवेत सोडते. अळंबीसारखा किंवा ओल्या मातीसारखा जो वास येतो तो या द्रव्यांचा, आणि तो कार्डाच्या थरांत मुरलेला असतो. म्हणूनच वरून पुसून, अत्तर लावून किंवा फवारा मारून तो जात नाही. आधी ओल जायला हवी. मग आत मुरलेली द्रव्यं हळूहळू बाहेर येतात, आणि ती बाहेर आल्यावर पकडून ठेवणारं काहीतरी शेजारी असायला हवं. सगळा उपाय एवढाच आहे.

वास नीट ओळखूनही घ्या. जुन्या पुस्तकाला येतो तसा किंचित गोडसर, व्हॅनिलाच्या जवळ जाणारा वास हा कागदाच्या वयाचा असतो, त्याचं काही करायचं नाही आणि करूही नये. व्हिनेगरसारखा आंबट वास असेल तर संचाभोवतीचं एखादं जुनं प्लॅस्टिकचं वेष्टण कुजत असण्याची शक्यता असते. तसं वेष्टण सापडलं तर ते लगेच वेगळं करून टाकून द्या.

कामाला सुरुवात मात्र कार्डांपासून करू नका, पुस्तिकेपासून करा. संच नवा मिळतो हे तुमच्या मुलाचं म्हणणं खरं आहे, ती पुस्तिकाही नवी मिळेल, पण मावशीची टिपणं कुठेच मिळणार नाहीत. या सगळ्या ट्रंकेतली सगळ्यात मोलाची वस्तू माझ्या मते तीच आहे. प्रत्येक पानाचा दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, मोबाईलनं फोटो काढा. कोऱ्या दिसणाऱ्या पानांचेही काढा, कारण फिकट पेन्सिल डोळ्यांना दिसत नाही पण फोटो मोठा केला की दिसते. फोटो दोन ठिकाणी साठवा. मग पुस्तिकेच्या दर दोन-तीन पानांनंतर कोऱ्या, न छापलेल्या कागदाचा तुकडा घाला. वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई उतरते आणि त्याचा स्वतःचाही वास असतो. पेन्सिलीच्या टिपणांना ओलीची फारशी भीती नाही, पण खोडरबर त्यांच्या जवळही नेऊ नका. डाग काढण्याच्या भरात अक्षरं जातात. शाईची टिपणं ओल्या बोटानंसुद्धा पसरतील. तिथे काहीही ओलं लावायचं नाही, स्पिरिटही नाही.

आता कार्डं. मोजून घ्या. पूर्ण संचात ७८ असतात, ‘मोठ्या’ म्हणतात त्या गटातली २२ आणि ‘लहान’ गटातली ५६. तुमचा संच १९८०च्या आसपासचा आहे, म्हणजे यंत्रावर छापलेली, वर लेप दिलेली कार्डं असणार. ही माहिती दिलासा देणारी आहे, कारण असा लेप ओल थोडी तरी अडवतो. हे चित्र-संच पहिल्यांदा लंडनच्या रायडर प्रकाशनानं १९०९ साली काढले. कल्पना गूढविद्येचे अभ्यासक ए. ई. वेट यांची, पण सगळी चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. आयुष्यभर तिचं नाव संचाच्या नावात नव्हतं आणि या कामाचे पैसेही तिला फार थोडे मिळाले. अलीकडे बरेच जण त्याला रायडर-वेट-स्मिथ म्हणतात ते याचसाठी, आणि तुम्हीही म्हणावं असं मला मनापासून वाटतं. कार्डांच्या खालच्या भागात कोपऱ्याजवळ तिची वळणदार, सापासारखी सही शोधा. पुसताना तेवढा भाग घासू नका. खोक्यावर किंवा कार्डांवर त्या पहिल्या काही दशकांतल्या लंडनच्या छपाईच्या खुणा दिसल्या तर मात्र खाली सांगितलेलं काहीही करण्याआधी मला कळवा. तो संच संग्राहकांचा ठरतो आणि त्याला घरगुती उपाय लावायचे नसतात.

पांढरी पूड जिवंत आहे की सुकलेली, हे पाहायला एक मऊ, कोरडा ब्रश तिच्यावरून अलगद फिरवा. झटकली गेली तर ती निपचित आहे. फासली गेली, चिकट लागली, तर अजून जिवंत आहे आणि कार्डात ओल आहे. जिवंत असेल तर आधी सुकवा, साफसफाई नंतर. ओली बुरशी घासली की ती कागदात आणखी खोल जाते.

सुकवण्याचा मोठा प्रश्न म्हणजे सध्याची हवा. भाद्रपद चालू आहे, आणि डोंबिवलीत खाडीकडून येणारी हवा काही कोरडी नाही. अशा दिवसांत कार्डं खोलीत पसरून पंखा लावला तर पंखा त्यांच्यावरून ओली हवाच फिरवत राहील. म्हणून दोन टप्प्यांत करा. आत्तापुरतं, घट्ट झाकणाचा मोठा डबा घ्या, तळाशी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, वर एखादी जाळी किंवा स्टीलची चाळण उलटी ठेवा, आणि त्यावर कार्डं सात-आठच्या गठ्ठ्यांत सैल मांडा. घरात वातानुकूलित खोली असेल तर तिथे ‘ड्राय’वर यंत्र लावून दिवसातून दोन-तीन तास कार्डं उघडी ठेवलीत तरी चालेल. दुसरा टप्पा दसऱ्यानंतरचा. ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी झाली की सावलीत, स्वच्छ सुती चादरीवर, एकेक कार्ड सुटं ठेवून दोन दिवस राहू द्या आणि अधूनमधून उलटवा. दोन-चारशे रुपयांत आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र मिळतं, ते घ्या. आकडा ५५च्या खाली असेल तेव्हाच पसरायचं.

ऊन नाही. हे सांगताना मला कळतंय की आपल्याकडे पापडापासून गाद्यांपर्यंत सगळ्यावर ऊन हाच पहिला उपाय असतो. छापील रंगांना मात्र ते मारक आहे. अतिनील किरणांनी पिवळा आणि लाल आधी उडतो, आणि एका बाजूनं तापलेलं कार्ड वाकतं. केस वाळवायचं यंत्र आणि इस्त्रीही याच कारणानं नकोत. मायक्रोवेव्हचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. सोनेरी कडा किंवा चमकीची छपाई असेल तर ठिणग्या उडतात, आणि नसली तरी कागद आतून करपू शकतो. फ्रीजरमध्ये ठेवल्यानं किडे मरतात हे खरं, पण बुरशी तिथे नुसती झोपते आणि वास जिथल्या तिथे राहतो.

चिकटलेली तीन कार्डं ओढून सोडवू नका. ओढलं की एकाच्या चित्राचा पापुद्रा दुसऱ्याच्या पाठीवर जातो आणि तो परत बसत नाही. दोन-तीन आठवडे नीट सुकल्यावर ती पुष्कळदा आपोआप सैल होतात. तेव्हा बटर पेपरची पट्टी कोपऱ्यातून हळूच आत सारून पाहा. अडली की थांबा, त्या दिवशी पुन्हा प्रयत्न नको.

सुकल्यावर साफसफाई. गॅलरीत उभं राहून, वारा तुमच्याकडून बाहेर जात असताना, रंगकामाच्या मऊ रुंद ब्रशनं प्रत्येक कार्ड मधून कडेकडे झाडा. दोन्ही बाजू आणि चारही कडा. सगळ्यात जास्त पूड कडांत असते, कारण तिथे लेप नसतो आणि कागदाचे थर उघडे पडलेले असतात. ब्रश नंतर साबणानं धुऊन उन्हात वाळवा. मग कोरड्या मायक्रोफायबर कापडानं प्रत्येक कार्ड एकदाच पुसा. ओलं कापड वापरायचा मोह होईल, विशेषतः मळकट डाग दिसले की. माझं मत असं की वासासाठी त्याचा काही उपयोग नाही आणि कडांतून पाणी आत गेलं तर नुकसान मोठं आहे. तपकिरी ठिपके पडले असतील तर ते तसेच राहू द्या.

आता मुख्य उपाय: सक्रिय कोळसा. मत्स्यालयाचं सामान मिळतं त्या दुकानात तो दाण्यांच्या रूपात मिळतो. हा आपला चुलीतला कोळसा नव्हे. याला प्रक्रिया करून इतकी सूक्ष्म छिद्रं पाडलेली असतात की एका ग्रॅममधल्या छिद्रांचा पृष्ठभाग पाचशे चौरस मीटरच्या वर भरतो. वासाची द्रव्यं त्या पृष्ठभागाला जाऊन चिकटतात आणि तिथेच राहतात. कोळसा बुरशी मारत नाही, ओलही नीट काढत नाही, म्हणून तो सुकवण्यानंतरच येतो. वाटी-दीड वाटी दाणे पसरट भांड्यात घाला, वर मलमलचा तुकडा बांधा म्हणजे काळी धूळ उडणार नाही. ते भांडं मोठ्या घट्ट डब्याच्या तळाशी, वर जाळी, जाळीवर कार्डं. गठ्ठा करून ठेवाल तर मधल्या कार्डांचा वास आतच राहील. म्हणून ती उभी, सैल, एकमेकांपासून थोडी सुटी ठेवा, किंवा दर कार्डानंतर कोऱ्या पातळ कागदाची पट्टी घाला. कोळशाचा स्पर्श कार्डाला होता कामा नये.

झाकण लावून डबा घरातल्या कोरड्या कपाटात ठेवा. चार-पाच दिवसांनी उघडा, कार्डांची जागा बदला, पट्ट्या बदला, पुन्हा बंद करा. पहिल्या आठवड्यात फरक जाणवला नाही तरी निराश होऊ नका. साधारण तीन ते सहा आठवडे धरा, दोन आठवड्यांनी कोळसा नवा घाला. वास गेला का, हे डबा उघडताक्षणी ठरवू नका, तेव्हा साठलेली हवा नाकात जाते. कार्डं बाहेर काढून अर्धा तास ठेवा, तुम्ही दुसऱ्या खोलीत जाऊन या, मग एखादं कार्ड हातात घ्या. घरातल्या दुसऱ्या कुणाला विचारलं तर आणखी बरं, कारण रोज हुंगणाऱ्या नाकाला सवय होते.

खाण्याचा सोडाही चालतो, पण जरा कमी. आंबट स्वरूपाचे वास तो ओढतो, बुरशीचे सगळे नाही. कोळशासोबत त्याची एक वाटी त्याच डब्यात ठेवायला हरकत नाही. कार्डांवर मात्र तो भुरभुरवू नका. ती बारीक पूड कडांच्या थरांत अडकते आणि मग कितीही झाडलं तरी निघत नाही. कॉफी पावडरीची शिफारस बऱ्याच जणी करतात. तिनं कुबट वास जात नाही, कॉफीचा वास त्याच्या वर चढतो, आणि कॉफीत तेल असतं.

मैत्रिणीच्या सूचनांबद्दल. तुमची मैत्रीण ज्याला शुद्धी म्हणते ती तिच्या श्रद्धेची गोष्ट आहे आणि मावशीच्या वस्तूसाठी तुम्हालाही तसं काही करावंसं वाटलं तर त्यात वावगं काही नाही. मला फक्त कार्डं सुखरूप राहायला हवी आहेत, आणि ते जमण्यासारखं आहे. मीठ हा मात्र मी ठाम नकार देईन असा एकच उपाय. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. कोकणात वाढलेल्या कुणालाही मिठाच्या बरणीतलं आषाढातलं पाणी माहीत असतं. त्यात कार्डं पुरली तर ओल काढण्याऐवजी आपण ती घालतो, वर मिठाचे कण लेपावर ओरखडे पाडतात. हवं असेल तर मिठाची वाटी डब्याच्या बाहेर, शेजारी ठेवा. चांदणं चालेल, पण गच्चीवर नको, तिथे पहाटे दव पडतं. बंद खिडकीच्या काचेआड ठेवा, चांदणं तिथेही येतं. धूप खोलीत लावा आणि त्या वेळी कार्डं झाकणबंद डब्यात राहू द्या. धुराचे चिकट कण कागदावर बसले की त्यांचा वास कुबट वासापेक्षाही हट्टी असतो.

कापूर आणि डांबरगोळ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी सांगेलच. दोन्हींचा वास कागदात असा शिरतो की पुढची अनेक वर्षं संच उघडला की तोच येतो. डांबरगोळ्यांची वाफ बंद खोलीत माणसालाही चांगली नाही. वेखंड वेगळं. पोथ्यांच्या कपाटात वेखंडाची पुरचुंडी ठेवायची जुनी रीत आहे आणि किड्यांसाठी ती उपयोगी आहे. वास घालवायला तिचा उपयोग नाही. संच स्वच्छ झाल्यावर कपाटात, कार्डांना न टेकवता, जरूर ठेवा. भाड्यानं मिळणारी ओझोनची यंत्रं हॉटेलच्या खोल्यांसाठी ठीक असतील, पण ओझोन कागद ठिसूळ करतो आणि रंग फिके करतो.

आता गंजिफा. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: नाही, एकच उपाय चालणार नाही. टॅरोची तुमची कार्डं छापखान्यातून आली आहेत, सावंतवाडीच्या गंजिफा हातानं रंगवलेल्या आहेत. गोल पत्ते, दशावतारी संच असेल तर १२०, दहा अवतारांचे दहा गट आणि प्रत्येकात बारा. तिथले चितारी कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवून, वर पांढरा लेप देऊन, रंगवून, शेवटी लाखेचा हात देत आले. यातला प्रत्येक थर वेगळ्या गोष्टीला घाबरतो. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून सॅनिटायझर लावलेल्या बोटांनी तो पत्ता उचलूसुद्धा नका. लाखेवर पाणी राहिलं तर पांढरट धुकं धरतं. उष्णतेनं ती मऊ होऊन पत्ते चिकटतात. आणि फार झपाट्यानं सुकवलं तर आतले थर आक्रसतात, वरचा रंग तडकतो.

म्हणून गंजिफांना सिलिका जेलच्या छोट्या डब्यात कोंडायचं नाही. दसऱ्यानंतरच्या सावलीत, एकेक पत्ता सुटा, पंख्याशिवाय. मऊ ब्रशनं अलगद झाडणं, तेही रंग कुठे सुटलेला नाही ना हे तिरप्या उजेडात पाहून मगच. पापुद्रे उठलेले दिसले तर ब्रशही नको. नंतर कोळशाचा डबा, तसाच, पण मोठा आणि जास्त दिवस. लाकडी डबी वेगळी ठेवा. बहुतेक वेळा वास पत्त्यांपेक्षा डबीच्या आतल्या, रंग न दिलेल्या लाकडात जास्त असतो. तिच्यात कोळशाची पुरचुंडी ठेवून झाकण लावा. आतून तेल किंवा पॉलिश लावू नका.

आणखी एक पाहा. चिंचोक्याची खळ किड्यांना फार आवडते. पत्त्यांच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढी भोकं किंवा डबीच्या तळाशी बारीक भुगा दिसला तर कसर किंवा भुंगा लागला आहे. तसं असेल तर पत्ते झिपच्या पिशवीत बंद करून जाणकाराकडे न्या. सावंतवाडीच्या राजवाड्यात तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकात ही कला पुन्हा उभी केली आणि तिथे आजही गंजिफा रंगवल्या जातात. तुमचं वेंगुर्ल्याला जाणं होतंच, तर वाटेत तिथे पत्ते दाखवा. निदान तो संच कधीचा आणि कशावर रंगवलेला आहे, ते हातात घेऊन सांगणारी माणसं तिथे भेटतील. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे. बुरशी रंगावर चढलेली असेल तर तिथे विचारा. गंजिफांचा हा खर्च करावा असं मी म्हणेन. टॅरोच्या १९८०च्या छापील संचासाठी नाही.

शालीचा तुकडा, खोकं आणि ट्रंक यांचं लवकर उरकता येईल. शाल सौम्य साबणानं कोमट पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवा, पण कार्डं पुन्हा तिच्यात गुंडाळू नका, लोकर ओल धरून ठेवते. धुतलेलं साधं सुती कापड बरं. पुठ्ठ्याचं खोकं सगळ्यात हट्टी असतं, कारण त्याला कसलाच लेप नसतो. त्यात कोळशाची पुरचुंडी घालून महिनाभर बंद ठेवा. तरीही वास राहिला तर खोकं वेगळ्या पिशवीत जपा आणि कार्डं नव्या डबीत ठेवा. वासाच्या खोक्यात परत गेलेली कार्डं आठवड्यात पूर्वीसारखी होतात, आणि मग लोक म्हणतात उपाय चालला नाही. ट्रंक मात्र साबणाच्या पाण्यानं धुऊन कडक उन्हात दोन दिवस उघडी टाका. ऊन तिच्यासाठी आहे.

पुढच्या पावसाळ्यासाठी. कार्डांची डबी माळ्यावर नको, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, स्वयंपाकघरात तर नकोच. आत सिलिका जेलची एक पुडी ठेवा. नारिंगी दाण्यांची घ्या, ते ओल पिऊन हिरवे झाले की ओव्हनमध्ये साधारण ११० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येतात. निळे दाणे टाळा, त्यांतला कोबाल्टचा क्षार हाताळायला चांगला नाही. आणि कार्डं वापरा. महिन्यातून एकदा बाहेर काढून पिसली की प्रत्येक कार्डाला हवा लागते. टॅरो मुळात पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायचे पत्ते म्हणूनच सुरू झाले, ते हाताळण्यासाठीच आहेत.

तुमच्या मुलाचं म्हणणं अर्धं ऐका. रोज कार्डं काढायची असतील तर नवा संच घ्या, विशेषतः शिंका थांबल्या नाहीत तर. मावशीचा संच अधूनमधून काढण्यासाठी राहील. एखाद्या कार्डाचे थर सुटून ते लिबलिबीत झालं असेल, किंवा बुरशी चित्रावर पसरून रंगच खाल्ला असेल, तर तेवढं कार्ड वेगळ्या पिशवीत काढा. एका कार्डासाठी बाकीची सत्त्याहत्तर धोक्यात घालू नका.

डिसेंबरच्या सुरुवातीला मला पुन्हा लिहा. वास किती उरलाय ते सांगा, आणि चिकटलेली ती तीन कार्डं सुटली नसतील तर त्यांच्या कडांचा जवळून काढलेला फोटो पाठवा. लेप लेपाला चिकटलाय की शाईला, हे त्यावरून बरंचसं कळतं, आणि पुढचा उपाय त्यानुसार वेगळा आहे. तोवर त्यांना हात लावू नका.

तुमची,
ताई